जंताच्या अंगात हाड नाही, मग तो वळवळतो कसा?

मृण्मयी_स (धागाकर्ती)

१० फेब्रुवारीला आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात जंतनाशक दिनाच्या गोळ्या वाटल्या. अल्बेंडाझोल, ४०० मिलिग्रॅम, चावून खायची. वाटप झाल्यावर अकरावीतली एक मुलगी माझ्यापाशी थांबली. "मॅडम, आतडं तर सारखं सगळं पुढे ढकलत असतं. जंताला पाय नाहीत, हाडं नाहीत. मग तो वाहून का जात नाही?" मी तिला पुस्तकातलं वाक्य ऐकवलं: दंडगोलाकार शरीर, आभासी देहगुहा, खंड नाहीत. तिचं समाधान झालं नाही आणि माझंही. तिला पुन्हा नीट समजावण्याआधी इथे लिहून बघते. चुकलं तर सांगा.

बी.एस्सी.ला फॉर्मॅलिनमधला अस्कॅरिस, म्हणजे पोटात होणारा मोठा जंत, आम्ही पिना लावून उघडला होता. मादी होती, वीतभराहून लांब, कच्च्या शेवयांसारखी पिवळट पांढरी, दोन्ही टोकांना निमुळती. पाठीवरून उभी चीर दिली आणि आतून पांढऱ्या दोऱ्याचा गुंता बाहेर आला. तो सगळा गर्भाशय आणि अंडाशय. त्या गुंत्यातून चपट्या फितीसारखं आतडं तोंडापासून शेपटीपर्यंत सरळ गेलेलं. हृदय नाही, रक्तवाहिन्या नाहीत, फुप्फुस किंवा कल्ले नाहीत. सर म्हणाले होते, "हा ताजा असता तर चीर देताच पाण्याची चिळकांडी डोळ्यांत गेली असती." तेव्हा मी ते वाक्य सोडून दिलं. आता वाटतं, सगळी गोष्ट त्या चिळकांडीतच आहे.

जंत म्हणजे नळीत नळी. आतली नळी आतडं, बाहेरची नळी शरीराची भिंत, आणि दोन्हींमध्ये द्रव भरलेला, तोही दाबाखाली. हॅरिस आणि क्रॉफ्टन यांनी १९५७ मध्ये अस्कॅरिसच्या अंगातला दाब मोजला. सरासरी ७० मिलिमीटर पारा. आपल्या रक्तदाबाचा खालचा आकडा ८० च्या आसपास असतो, त्यावरून अंदाज करा. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरली की ती ताठ होते, तसा हा द्रवच जंताचा सांगाडा होतो.

हा दाब पेलायला वरचं आवरण, म्हणजे क्युटिकल, तितकंच मजबूत लागतं. ते कोलॅजनचं असतं. आपल्या त्वचेत आणि स्नायूबंधांत असतात त्याच कुळातली ही प्रथिनं. अस्कॅरिसच्या आवरणात धाग्यांचे थर एकमेकांना तिरके छेदत अंगाभोवती गुंडाळलेले असतात. शिवणकाम करणाऱ्यांना उरेब कापड कसं ताणलं जातं ते माहीत आहे. सरळ कापलेलं कापड ताणत नाही, उरेब ताणतं आणि सोडलं की परत येतं. जंताचं आवरण असं सगळ्या अंगभर उरेब आहे. त्यामुळे तो लांब-आखूड होऊ शकतो, पण फुग्यासारखा कुठे एकाच जागी फुगत नाही.

आता स्नायू. जंत ज्या गटातला, त्या गोलकृमींच्या भिंतीत स्नायू फक्त लांबीच्या दिशेने असतात. अंगाभोवती कडं करणारे वर्तुळाकार स्नायू नाहीतच. पाठीकडचे आखडले की अंग पाठीकडे वाकतं, पोटाकडचे आखडले की पोटाकडे. आखडलेला स्नायू परत लांब कोण करतं? दाब. स्नायू आखडला की त्या तिरक्या जाळीमुळे नळीतली जागा कमी होऊ पाहते, पण पाणी काही दबत नाही. दाब वाढतो आणि नळीला पुन्हा मूळ लांबीवर आणतो. प्रत्येक आखडणाऱ्या स्नायूच्या विरुद्ध उभा असलेला दुसरा गडी म्हणजे हा दाब.

जे वळवळणं बघून आपल्याला किळस येते, ते इतक्या थोड्या सामानात बसवलेलं आहे. मला ते फार सुंदर वाटतं.

रानपाखरू

ताई, छान लिहिलंय. शंका: गांडूळही नळीच ना? लहानपणी आई म्हणायची, पोटात गांडुळं झालीत. मी दोन्ही एकच समजत होतो.

मृण्मयी_स

रानपाखरू, दिसायला सारखे, घडण मात्र वेगळी. गांडुळाच्या अंगावर कडी दिसतात, कारण ते खंडाखंडांचं बनलेलं आहे आणि मधे पडदे आहेत. त्याच्याकडे दोन्ही प्रकारचे स्नायू आहेत. म्हणून ते एका जागी बारीक होऊन पुढे ताणतं, मग जाड होऊन मागचा भाग ओढून घेतं. जंताला स्वतःला बारीक करताच येत नाही, फक्त वाकता येतं. शिवाय गांडुळाला रक्तवाहिन्या आहेत, लाल रक्त आहे.

आणखी एक फरक: गोलकृमी कात टाकतो. आयुष्यात चार वेळा. गांडूळ कधीच टाकत नाही. १९९७ मध्ये जनुकांच्या अभ्यासावरून गोलकृमींना कीटक, खेकडे, विंचू यांच्यासोबत कात टाकणाऱ्या प्राण्यांच्या एका मोठ्या गटात बसवलं गेलं. म्हणजे जंत हा गांडुळापेक्षा झुरळाचा जवळचा नातेवाईक.

अरुंधती_काकू

आमच्याकडे मुलाने झोपेत दात खाल्ले की जंत झाले असं धरून चालायचं. गूळ-साखर बंद आणि वावडिंगाचं पाणी सुरू. सासूबाईंचा यावर पूर्ण विश्वास. यात तथ्य किती? इथे कोणी डॉक्टर असतील तर सांगा.

सह्याद्री_डॉ

काकू, मी ग्रामीण भागात प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करतो, हा प्रश्न आठवड्यातून चार वेळा येतो. गोड खाऊन जंत होत नाहीत. जंत फक्त जंताच्या अंड्यातून होतो, आणि अंडं येतं मातीतून: न धुतलेले हात, न धुतलेली कोथिंबीर-मुळा, नखांतली घाण. दात खाणारी बहुतेक मुलं तपासली तर पोटात काही नसतं. रात्री गुदद्वाराशी खाज येते म्हणून मूल झोपत नसेल तर मात्र ते लक्षण खरं. ते बारीक सुतासारखे कृमी असतात. त्यांची मादी रात्री बाहेर येऊन अंडी घालते. तो या मोठ्या जंतापेक्षा वेगळा प्राणी. वावडिंग कृमीवर देण्याची परंपरा जुनी आहे, पण तान्ह्या बाळाला अंदाजाने काढे पाजू नका.

अस्कॅरिसची मादी दिवसाला साधारण २ लाख अंडी घालते. शौचातून बाहेर पडलेलं अंडं लगेच कोणाला बाधत नाही. ओलसर, सावलीतल्या मातीत दोन ते चार आठवडे राहिल्यावर आत अळी तयार होते. मग ते पोटात गेलं की लहान आतड्यात फुटतं, आणि इथून पुढचा प्रवास ऐकून माझे विद्यार्थी नेहमी थक्क होतात. अळी आतड्यात थांबत नाही. भिंत भेदून रक्तात, रक्तातून यकृतात, तिथून हृदयातून फुप्फुसात. तिथे १० ते १४ दिवस काढून श्वासनलिकेतून वर घशाशी येते, गिळली जाते आणि पुन्हा त्याच लहान आतड्यात पोचते. अंडं गिळल्यापासून मादी अंडी घालू लागेपर्यंत दोन-तीन महिने जातात.

फुप्फुसाचा हा टप्पा माणसात सिद्ध करण्यासाठी शिमेसू कोइनो या जपानी बालरोगतज्ज्ञाने १९२२ मध्ये स्वतः २००० अंडी गिळली, आणि नंतर स्वतःच्याच थुंकीत त्याला अळ्या सापडल्या.

आता धाग्यातल्या मूळ प्रश्नाकडे. जंत आतड्याला चिकटलेला नसतो. अंकुशकृमी तोंडाने भिंतीला धरून राहतो, तसं याच्याकडे काहीच साधन नाही. तो प्रवाहाच्या विरुद्ध सतत पोहून, अंगाची वळणं भिंतीला टेकवून जागा राखतो. म्हणजे जिवंत असेपर्यंत त्याला कष्ट करावेच लागतात. पूर्वी आम्ही पिपराझिन द्यायचो. ते जंताचे स्नायू सैल पाडतं. मरायची गरजच नाही, सैल पडला की आतडं त्याला जिवंतच बाहेर नेऊन टाकतं. मॅडमनी सांगितलेला दाब तसाच असतो, पण त्याला दिशा देणारा स्नायू गप्प झालेला असतो. लेव्हामिझोल उलट्या वाटेने जातं, ते स्नायू आखडूनच ठेवतं. तुमच्या विद्यार्थिनीने खाल्लेलं अल्बेंडाझोल आणखी वेगळं. ते पेशींमधल्या ट्यूब्युलिन नावाच्या प्रथिनाला धरतं, मग जंताला ग्लुकोज नीट घेता येत नाही आणि काही दिवसांत त्याची शक्ती संपते.

रानपाखरू

डॉक्टर, पचत का नाही तो? आपण मटण पचवतो, तेही स्नायूच.

सह्याद्री_डॉ

आवरण आहे, आणि शिवाय तो आपल्या पाचकरसांतल्या ट्रिप्सिन, पेप्सिन यांना अडवणारी प्रथिनं स्वतः बनवतो.

चार्ल्सकाठ

बॉस्टनहून लिहितोय. गेली सहा वर्षं मी सी. एलेगन्स या गोलकृमीवर काम करतो. १ मिलिमीटर लांब, पारदर्शक, कुणाच्या पोटात नाही, कुजक्या फळांवर वाढणाऱ्या जिवाणूंवर जगतो. मूळचा सांगलीचा, त्यामुळे मराठीत यावर लिहिलेलं दिसलं आणि राहवलं नाही.

मृण्मयीताई, तुम्ही लिहिलंत की तो पाठीकडे आणि पोटाकडे वाकतो. याचा एक परिणाम पहिल्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून बघताना माझ्या लक्षात आला नव्हता. प्लेटवर तो नागमोडी चालतो तेव्हा आपल्याला वाटतं, साप चालतोय. साप डावी-उजवीकडे वाकतो. हा पाठ-पोट असा वाकतो, म्हणजे सपाट पृष्ठभागावर नागमोडी चालायला त्याला कुशीवर पडावं लागतं. आमचे सगळे किडे जन्मभर कुशीवर झोपून चालतात.

क्युटिकलच्या कोलॅजनबद्दलचा पुरावा आमच्या प्लेटवर रोज दिसतो. रोल-६ नावाच्या जनुकात एक ठरावीक बिघाड झाला की कोलॅजनची वीण पिळवटते आणि किडा सरळ जाण्याऐवजी स्वतःभोवती लोळत एकाच जागी गोल फिरतो. स्नायू ठणठणीत, मज्जातंतू ठणठणीत, फक्त कापडाची वीण बदलली. दुसऱ्या काही कोलॅजनमध्ये बिघाड झाला तर किडा आखूड आणि जाडा होतो.

मज्जासंस्थेतही एक विलक्षण गोष्ट आहे. आपल्यात मज्जातंतू स्नायूपर्यंत जातो. गोलकृमीत स्नायूच हात लांब करून मज्जारज्जूपर्यंत येतो. अस्कॅरिसचा आडवा छेद बघितलेल्यांना ते आठवेल, स्नायूपेशींच्या फुगीर पिशव्यांतून निघालेल्या त्या बारीक शेपट्या.

आणि आकडे. सी. एलेगन्सच्या प्रौढ उभयलिंगी कृमीत प्रजननपेशी सोडून ९५९ पेशी असतात. पहिल्या कृमीत ९५९, दहाव्यातही ९५९. त्यातल्या ३०२ चेतापेशी. जॉन सल्स्टन आणि सहकाऱ्यांनी अंड्यापासूनची प्रत्येक पेशीची वंशावळ लिहून काढली, १९८३ मध्ये ती पूर्ण झाली. तीत १३१ पेशी अशा, ज्या जन्मतात आणि ठरल्या वेळी मरतात. पेशींचं हे ठरलेलं मरण समजून घेण्यासाठी ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना २००२ मध्ये नोबेल मिळालं. २०२४ चं अँब्रोस आणि रुव्हकुन यांचं मायक्रोआरएनएचं (जनुकांचं काम नियंत्रित करणाऱ्या छोट्या रेणूंचं) नोबेलही याच किड्यातून आलं.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावणारा आकडा मात्र वेगळा. ३० सेंटिमीटरच्या अस्कॅरिसमध्ये चेतापेशी किती? २९८. तीनशेपट लांब प्राणी, आणि चेतापेशी जवळपास तितक्याच. तारा वाढवल्या नाहीत, आहेत त्याच लांब केल्या.

मृण्मयी_स

चार्ल्सकाठ, कुशीवर चालण्याची गोष्ट उद्याच वर्गात सांगणार. मी इतकी वर्षं शिकवते, कधी लक्षात आलं नाही.

आबा_औसेकर

लातूर जिल्ह्यात माझं लहानपण गेलं. वय ७४. आमच्या गावात पायऱ्यांची बारव होती, लोक पाण्यात उतरून घागर भरायचे. नारूचे रोगी घरटी असायचे. पायावर फोड यायचा, आग व्हायची, मग पाय पाण्यात बुडवला की बरं वाटायचं. फोड फुटला की पांढरा दोरा दिसायचा. माझ्या चुलत्यांच्या घोट्यातून निघालेला नारू मी पाहिला आहे. आजी काडीवर तो रोज बोटभर गुंडाळायची. ओढू द्यायची नाही. तुटला तर पाय जाईल म्हणायची. हा सुद्धा तुमच्या या गोलकृमींतलाच ना?

सह्याद्री_डॉ

आबा, होय, अगदी त्यातलाच. आणि तुमच्या आजीचं बरोबर होतं. नारूची मादी जवळपास मीटरभर लांब होते, जाडी दोनेक मिलिमीटर. शेवटी शेवटी तिच्या अंगात गर्भाशयाशिवाय फारसं काही उरत नाही, तो लाखो अळ्यांनी ठासून भरलेला असतो. पाण्याचा स्पर्श झाला की आतल्या दाबाने गर्भाशय बाहेर येऊन फुटतो आणि अळ्यांचा दुधाळ लोट पाण्यात पडतो. धाग्यात वर आलेल्या चिळकांडीचं हेच काम. ओढताना कृमी तुटला तर तो लोट पायाच्या आत सुटतो, मग सूज, पू, आणि कधी कायमचं लंगडेपण.

बारवेतल्या पाण्यात सायक्लॉप्स नावाचा डोळ्याला जेमतेम दिसणारा जीव त्या अळ्या खातो, आणि ते पाणी न गाळता प्यालेल्या माणसाला वर्षभराने नारू निघतो. यावर औषध नाही, लसही नाही. दुहेरी कापडाने पाणी गाळणं, पायऱ्यांच्या विहिरी बंद करणं किंवा बांधून घेणं आणि रोग्याला पाण्यात उतरू न देणं, एवढ्यावर भारतातून तो गेला. शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात नोंदला गेला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं.

आबा_औसेकर

आमची बारव १९८० नंतर कधीतरी बंद केली. का केली ते आज समजलं.

डाळिंब_सांगोला

नमस्कार. मी शेतकरी. तुम्ही पोटातल्या जंतावर बोलताय, आमच्याकडं जमिनीतल्या सूत्रकृमीनं बाग खाल्ली. तीन वर्षांची भगवा डाळिंबाची बाग, हस्त बहार धरला, पाणी-खत सगळं वेळेवर. झाडं पिवळी पडायला लागली, दुपारी पानं माना टाकायची. पांढरी मुळी चालत नव्हती. उकरून बघितलं तर मुळांना गाठीच गाठी, मण्यांच्या माळेगत. गुटी कलमं ज्या रोपवाटिकेतनं आणली तिथनंच पिशवीच्या मातीतून आलं असणार, कारण उरलेल्या दोन रोपांच्या मुळांना पण तेच. ताई, हा धाग्यासारखा किडा असेल तर गाठ गोल कशी?

मृण्मयी_स

दादा, बागेचं वाचून वाईट वाटलं. प्रश्न फार नेमका विचारलात. सूत्रकृमी म्हणजे गोलकृमीच.

अंड्यातून बाहेर पडते ती अळी धाग्यासारखीच असते, अर्ध्या मिलिमीटरहून लहान. तिच्या तोंडात पोकळ काटा असतो, इंजेक्शनच्या सुईसारखा. त्याने ती मुळाच्या टोकाजवळ पेशी भोसकून आत शिरते, एक जागा धरते आणि तिथल्या काही पेशींत आपला स्राव सोडते. त्या पेशींतली केंद्रकं वाढत राहतात, पण पेशी विभागली जात नाही. अशा पाच-सात राक्षसी पेशी तयार होतात आणि झाडाचं अन्न तिकडे वळतं. भोवतीचं मूळ सुजतं, ती तुमची गाठ.

एकदा बसल्या जागी जेवण मिळालं की मादीला हलायची गरज राहत नाही. अंगाचे चालण्याचे स्नायू झिजून जातात आणि ती नासपतीसारखी फुगते. मी वर ज्या नळीचं इतकं कौतुक केलं, ती नळी ही मादी सोडून देते. काटा आणि ग्रसनीचा, म्हणजे घशाचा, पंप मात्र शेवटपर्यंत चालू. मग मागच्या टोकाशी चिकट पुंजक्यात काहीशे अंडी. उन्हाळी तापमानात हे चक्र महिन्याभरात पुरं होतं. नर सापडलाच तर तो धाग्यासारखाच राहतो. या जातीच्या मादीला अंडी द्यायला नराची गरजही नसते.

उपाय तुमच्या भागातले कृषितज्ज्ञ जास्त नीट सांगतील, सोलापूरलाच राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. माझ्या माहितीत निंबोळी पेंड, दोन ओळींत झेंडू आणि अंडी खाणारी पॅसिलोमायसिस बुरशी शेणखतातून देणं, हे लोक करतात. झेंडूच्या मुळांतून निघणारा पदार्थ सूत्रकृमींना मारक असतो. गाठींच्या जखमांतून मर रोगाची बुरशीही आत शिरते, म्हणून मर दिसली तर दोन्हींचा विचार एकत्र करा.

एक सुचवते. गावातल्या शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर चाळणीवर टिश्यू पेपर घाला, त्यावर मूठभर ओली माती आणि कात्रीने बारीक केलेली मुळं ठेवा. चाळणी ताटात ठेवून, तळ जेमतेम भिजेल इतकं पाणी घाला. एक दिवस-रात्र तसंच. गोलकृमी वळवळतात, पण पाण्यात वर पोहता येत नाही, कागदातून सटकून खाली ताटात बसतात. तळाचा थेंब काचपट्टीवर घ्या.

डाळिंब_सांगोला

धागा वर काढतोय. ताई, केलं. हायस्कूलच्या सरांनी प्रयोगशाळा उघडून दिली, आठवीची पोरं गोळा झाली. पहिल्याच थेंबात आठ-दहा किडे. दोन झाडांखालची माती वेगवेगळी घेतली होती, एक वाळायला लागलेलं आणि एक अजून हिरवं. वाळणाऱ्या झाडाच्या मातीत बारीक किडेच जास्त, सरांनी भिंग वाढवलं तर तोंडात काटा दिसला. दुसऱ्या मातीतले काही बिनकाट्याचे, जाडसर. हे पण मारायचे का?

मृण्मयी_स

नाही दादा! बिनकाट्याचे बहुतेक जिवाणू खाणारे असतात. ते जिवाणू खाऊन जो नत्र बाहेर टाकतात तो मुळांना मिळतो. काटा असलेले सगळे शत्रू असतात असंही नाही, बुरशी खाणाऱ्यांनाही काटा असतो.

डाळिंब_सांगोला

अजून एक दिसला. बाकीच्यांपेक्षा बराच मोठा, तोंड मडक्यासारखं आणि त्यात दात. अंग आरपार दिसत होतं आणि आत दुसरा बारीक किडा दुमडून पडलेला. पोरं म्हणाली, पोटात पिल्लू आहे.

चार्ल्सकाठ

दादा, ते पिल्लू नसावं, जेवण असावं. वर्णनावरून हा मोनोंकस गटातला वाटतो. हे शिकारी असतात, दुसरे सूत्रकृमी अख्खे गिळतात. कुठल्या मातीत होता?

डाळिंब_सांगोला

हिरव्या झाडाच्या. उद्या त्याच ओळीतल्या पुढच्या चार झाडांखालची माती आणतोय, सरांनी चावी माझ्याकडंच ठेवलीय.